ओसरीतला कापूस

जीप माझ्या दारासमोर थांबली तेव्हा मी बैलांना कडबा टाकत होतो. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या जिल्ह्यात जीपगाड्या फार येत. कापसाचं काय झालं ते विचारायला माणसं येत, फोटो काढत, चहा पीत आणि निघून जात. त्यामुळे जीप दिसली की मी आधी घरात जाऊन सदरा घालायचो आणि मग कमी बोलायचो.

जीपमधून मंजुषाताई उतरल्या. त्या यवतमाळच्या. त्यांची संस्था खेड्यातल्या पोरांना वाचायला शिकवते. पुस्तकांची पेटी देते, शिकवणारा माणूस गावातलाच असतो. आमच्या गावात ते काम माझी बायको सत्यभामा करायची, आमच्याच ओसरीत. ती सातवी शिकलेली होती, आणि तिला राग येत नव्हता. पोरांना शिकवायला या दोन गोष्टी पुरतात असं ती म्हणायची.

मागच्या उन्हाळ्यात सत्यभामा गेली. यवतमाळला दवाखान्यात नेलं, तिथून परत आणलं ते तसंच. तिच्यानंतर वर्ग संघदीप घेऊ लागला. तो बौद्धपुऱ्यातला पोरगा, बारावी झालेला. दिवसा लोकांच्या वावरात फवारणीला जायचा आणि दिवस कलला की माझ्या ओसरीत यायचा. पोरं गोळा व्हायची, ओरडायची, भांडायची. तेवढा वेळ घर घरासारखं वाटायचं. बाकीच्या वेळी मी भगोन्यावर झाकण ठेवलं तरी मोठा आवाज होई.

म्हणून मंजुषाताई म्हणाल्या, “काका, आपण वर्गासाठी नवी इमारत बांधायची ठरवतोय,” तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

“काहून? माही ओसरी काय वाईट हाये?”

“वाईट नाही हो. जागा पुरत नाही.”

“पोट्टे तं कमी झाले. सत्यभामा होती तवा पायरीपर्यंत बसत होते. आता अर्धी ओसरी रिकामी राह्यते.”

ताईंनी शेजारी बसलेल्या संघदीपकडे पाहिलं. संघदीपने पुस्तकांच्या पेटीकडे पाहिलं.

“पुढे वाढतील ना,” ताई म्हणाल्या आणि चहाची बशी उचलली.

पोरं कमी आणि जागा जास्त पाहिजे. मी शिकलेला नाही, पण एवढं मला समजतं. यात काही तरी होतं जे मला सांगायचं नव्हतं. वर्ग माझ्या घरातून न्यायचा होता आणि कारण दाबून ठेवायचं होतं.

गावात रोख रक्कम मागायची सोय नव्हती. पण कापूस होता. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या, झाडाखाली दगड मांडायचे, दहीभात वाहायचा आणि मग वेचायला लागायचं. तो पहिला कापूस देवाच्या वातीला ठेवतात. बाया कमरेला कापड बांधून ओटी करतात आणि त्यात वेचतात. सत्यभामा जिवंत असताना बायांना म्हणाली होती, देवाला किती वाती लागतात? मूठभर ठेवा आणि बाकीची ओटी पोरांच्या वर्गाला द्या. त्यातून पाट्या आल्या होत्या, कंदील आले होते. आता त्याच कापसातून इमारतीचा पाया घालायचं ताईंनी ठरवलं. गावातल्या आणि शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या सगळ्या घरांनी ओटी द्यायची.

कापूस ठेवायचा कुठे, तर माझ्या आतल्या खोलीत. खोली सत्यभामाची होती. रिकामी होतीच.

“किल्ली तुमच्याजवळच ठेवा काका. तुमच्यावर सगळ्यांचा भरोसा आहे,” ताई म्हणाल्या.

कोणी न विचारता भरोशाचं बोललं की मला जास्तच शंका येते. पण किल्ली मी ठेवून घेतली.

दिवाळीनंतर ओट्या यायला लागल्या. बाया यायच्या, खोलीत कापूस ओतायच्या आणि जायच्या. एकटी बाई कधी आली नाही, दोघी-तिघी मिळूनच यायच्या. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. ढीग कमरेपर्यंत आला. महागावचं सरकारी खरेदी केंद्र त्या वर्षी उघडायचं नाव घेत नव्हतं. ताई म्हणाल्या, खेड्यात फिरणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायचा नाही, केंद्र उघडेपर्यंत थांबू. मी मनात म्हटलं, थांबायचं की कोणाला तरी गुपचूप द्यायचा? आणि नजर ठेवायला लागलो.

नजर ठेवायला लागलं की काही ना काही दिसतंच. मला संघदीपचा पंप दिसला. तो वावरातून थेट वर्गावर यायचा, पाठीवर फवारणीचा पंप घेऊनच. पंप उतरवायचा तो नेमका खोलीच्या दाराशी. एक दिवस पोरं गेल्यावर मी पाहिलं तर दाराच्या खाली जमीन ओली होती. दिवसा ओट्या येत म्हणून कुलूप मी रात्रीच लावायचो; कडी काढून आत गेलो. वास आंबूस होता. वरचा कापूस हाताला कोरडा लागला. मग हात कोपरापर्यंत आत घातला आणि चटकन बाहेर काढला. आत गरम होतं. ताज्या शेणाच्या ढिगात असते तशी ऊब.

कापसावर पाणी मारलं होतं. आमच्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही. विकायच्या आदल्या दिवशी कापसावर पाण्याचा हात फिरवला की तो काट्यावर जड भरतो. पण तो लगेच विकायचा असतो. ढिगात ठेवला तर आतून तापतो, पिवळा पडतो आणि मग त्याला कोणी हात लावत नाही.

माझ्या डोक्यात हिशेब पक्का बसला. पोरगा कोरडा कापूस नेतो, उरलेल्यावर पंपाने पाणी मारतो. ढीग तेवढाच दिसतो, वजन तेवढंच भरतं. आणि ताईंना हे माहीत असणार, नाही तर त्या थांबा का म्हणाल्या?

दुसऱ्या दिवशी संघदीप ओसरीत आला तसा मी उठलो. पोरं बसली होती. तांड्यावरची लालीबाई, मला भिया म्हणजे भाऊ म्हणणारी, नातवाला न्यायला येऊन अंगणात उभी होती, सोबत तिची जाऊ होती.

“संघदीप, पंपात काय हाये?”

“औषध हाये काका. थोडं उरलं.”

“खोल. पाहू दे.”

“काहून?”

“खोल म्हटलं नं!”

त्याने झाकण काढलं. वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरांनी नाकं धरली.

“पाहा हात लावून,” संघदीप म्हणाला. “नाही, नका लावू. मले पाह्यजे तुम्ही.”

पोरं हसली. मला जास्तच राग आला.

“मंग खोलीतल्या कापसावर पाणी कोणी मारलं? आतून भिजला हाये. तुह्याशिवाय दाराजवळ बसते कोण?”

संघदीपचा चेहरा उतरला. “काका, तुम्ही मले चोर म्हणून राह्यले?”

तो पुढे काही बोलायच्या आत लालीबाई अंगणातून म्हणाली, “त्याले कायले बोलतं भिया? पाणी म्या मारलं.”

“तू?”

“घरीच मारलं. ओटी आणली त्याच्या आदल्या दिवशी. जास्त नाई, एक तांब्या. म्हटलं, लेकराईचं काम हाये, दोन विटा जास्त येतील.”

तिची जाऊ तोंडाला पदर लावून म्हणाली, “म्याबी मारलं.”

“तूबी?” लालीबाई तिच्याकडे वळली. “मले तं म्हणत होतीस, देवाच्या कापसाले पाणी लावू नाई!”

“तुले म्हटलं. तू मारतं हे मले मालूम होतं, म्हणून म्हटलं. अन् गावातल्या विठ्ठलरावच्या घरच्याईनं तं पाण्याचा गुंडच पालथा केला. म्या पाह्यलं.”

तेव्हा मला समजलं. गावातल्या आणि तांड्यावरच्या जवळपास प्रत्येक बाईने आपल्या ओटीवर पाणी मारलं होतं. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच मारतोय आणि तेवढ्याने काही होत नाही. चोरी कोणीच केली नव्हती. सगळ्यांनी जास्तच दिलं होतं. दारातलं पाणी ओट्यांमधून गळलेलं होतं.

मी संघदीपची माफी मागायला पाहिजे होती. पण आपलंच चुकलं की माणूस अजून चिडतो. मी म्हणालो, “सडू द्या मंग. तुमची इमारत, तुमचा कापूस. माही ओसरी हाये नं, चांगली झाडलेली. वर्ग इथंच राहू द्या. तुमाले काय काटे टोचते इथं?”

“लालीमावशी, जाऊ द्या,” संघदीप घाईने म्हणाला. तो इतक्या घाईने म्हणाला की मला कळलं, ते दाबून ठेवलेलं कारण इथेच आहे.

“काहून जाऊ देऊ? याले कोणी सांगतच नाई, म्हणून हा सगळ्याईवर डोळे काढते.” लालीबाईने नातवाला आणि बाकीच्या पोरांना अंगणाबाहेर हाकललं. मग पायरीशी आली, वर चढली नाही. “भिया, ओसरीत कोण कमी झालं ते पाह्यलं का तू?”

“पोट्टे कमी झाले.”

“पोट्टे हायेत. पोरी नाई. माही नात येत होती, आता येते का? सत्यभामा होती तवा या घरात बाई होती. आता बाई नाई. एकट्या माणसाच्या घरी मोठ्या होणाऱ्या पोरी कोण धाडन?”

मी म्हटलं, “माह्याबद्दल कोणी काही बोललं?”

“कोणी काही बोललं नाई. तू वाईट हाये असंबी कोणी म्हणत नाई. पण तूच सांग. तुले पोरगी असती, अन् घर असं असतं, तं तू धाडली असती?”

मी नसती पाठवली.

“इमारत मंजुषाताईनं नाई मागितली. आम्ही बायाईनं मागितली. अन् ताईले आम्हीच म्हटलं, त्याच्या तोंडावर सांगू नको. त्याचं माणूस गेलं, त्यात अजून हे कायले.”

त्या गेल्या. संघदीप पंपाचं झाकण लावू लागला. “काका, कापूस जरा ओलाच हाये नं? केंद्र उघडलं की पाहू,” असं म्हणून पंप उचलून गेला.

ढीग आतून किती तापला होता ते त्याला माहीत नव्हतं. ते मला एकट्यालाच माहीत होतं. किल्ली माझ्याजवळ होती. मी काहीच केलं नाही तरी काम होणार होतं. आणखी काही दिवस दार बंद ठेवलं असतं, तर कापूस आपोआप गेला असता. बायांनी पुढच्या वर्षी ओटी देताना दहादा विचार केला असता. वर्ग माझ्याच घरी राहिला असता. आणि मला कोणी बोल लावला नसता, कारण पाणी मी मारलं नव्हतं.

सकाळी मी किल्ली हातात घेऊन ओसरीत बसलो. वारं सुटलं होतं. समोरच्या भिंतीवर सत्यभामाने गेरूने अक्षरं काढलेली आहेत, खाली, लहान पोरांचा हात पोहोचेल तिथे. खांबाकडच्या बाजूला पोरी बसायच्या. अक्षरांवरून बोट फिरवून फिरवून तिथली भिंत गुळगुळीत झाली होती. मी उठून जवळ गेलो आणि ‘अ’वरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. पोरांच्या बाजूची भिंत स्वच्छ होती.

ती असती तर मला काही बोलली नसती. फडकं घेऊन पुसायला लागली असती.

मी खोलीचं दार उघडलं. अंगणात पसरला तर वाऱ्याने कापूस उडाला असता, माती लागली असती. गावात एवढी लांब, झाकलेली आणि झाडलेली जागा दुसरी नव्हती. मी टोपली भरभरून कापूस ओसरीत आणून पातळ पसरला. आतला काढला तेव्हा त्याला पिवळी झाक आली होती, पण फार नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरला. पाय ठेवायला जागा राहिली नाही.

संध्याकाळी संघदीप आला आणि पायरीवरच थांबला.

“काका, बसायचं कुठी?”

“पोट्ट्याईले ग्रामपंचायतीसमोरच्या निंबाखाली घेऊन जाय. अन् तांड्यावर निरोप धाड, वर्ग तिथं हाये म्हणून. लालीबाईले म्हण, कापूस उलटायले बाया घेऊन ये. माह्यानं एकट्यानं होत नाई.” मग मी म्हणालो, “काल म्या तुले नाही ते बोललो.”

“बोलले खरं,” तो म्हणाला आणि पेटीचा एक कान माझ्याकडे केला. पेटी आम्ही दोघांनी उचलून नेली.

परत आलो तर ओसरी पांढरी आणि गप्प होती. मी एका कडेने कापूस उलटत बसलो. निंबाखालचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता, जात होता. शब्द समजत नव्हते. पण त्यात बारीक आवाज होते, बऱ्याच दिवसांनी ऐकलेले.

इमारत होईल की नाही याची मला अजून खात्री नाही. जीपवाल्यांचा भरोसा मी आजही धरत नाही.

थोड्या वेळाने लालीबाई आली. एकटीच आली होती. पायरीखाली उभी राहिली आणि रस्त्याकडे पाहू लागली.

“ये नं,” मी म्हटलं.

“येते. जाऊ येऊन राह्यली. ती आली की.”

मी हातातला कापूस खाली ठेवला, किल्ली काढून पायरीवर ठेवली आणि मागच्या दाराने बैलांकडे गेलो. थोड्या वेळाने एकट्या लालीबाईच्या जोडव्यांचा आवाज ओसरीत ऐकू आला.