गोमाजीने माझ्या पाण्यात राख घातली तेव्हा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. जेवणाचा नव्हे, मासळीच्या ट्रकवर बसवतात तो, खोलीएवढा, आतून थंड राहणारा. बारा वर्षं मी मुंबई-गोवा रस्त्यावर धावलो. एकदा माझ्या पोटात एवढी मोठी सुरमई होती, की तिचं शेपूट बाहेर ठेवून दार लावावं लागलं. ड्रायव्हरला पेंग आली, की ते शेपूटच गाडी वळवायचं. खोटं वाटत असेल तर त्या सुरमईला विचारा.

पुढे ट्रक भंगारात गेला आणि मी पोलादपुरात एका गॅरेजमागे पडून राहिलो. तीन पावसाळे कोंबड्या सोडल्या तर माझ्यात कोणी डोकावलं नाही. मग सेजल आली. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतली ही मुलगी नवी मुंबईत बंद खोलीतल्या शेतीत कामाला होती. तिने मला घासूनपुसून घराशेजारी बसवलं आणि आत फळ्यांचे पाच मजले उभे केले. माती नाही, ऊन नाही; जांभळे दिवे आणि खतपाण्याची एक टाकी. पाणी वर चढतं, मुळं भिजवतं आणि परत टाकीत येतं. सॅलडचा पाला असा वाढू लागला, की मला त्याची करकर ऐकू यायची.

सेजलचा आजा गोमाजी रोज दारात उभा राहायचा.

"माती नाय, राब नाय. हे शेत हाय का दवाखाना गो?"

"मग हळू बोल, आजा. पेशंट झोपलेत."

महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्या अमिताबाई पंधरा दिवसांनी येणार होत्या. पाला पसंत पडला तर दर आठवड्याला नेणार; नाही तर सेजलला वाडी सोडून परत नोकरीवर जायचं होतं.

त्याच दिवसांत गोमाजीने भाताच्या रोपांसाठी राब भाजला. शेण आणि पालापाचोळा पसरून जमीन जाळायची, मगच पेरायचं, हे तो साठ वर्षं करत आला होता. नातीची रोपं राबाशिवाय राहिली, हे त्याच्या मनाला लागलं. सेजल महाडला गेली असताना त्याने दोन घमेली राख आणून माझ्या टाकीत ओतली. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पत्रा वाजला, एवढंच. गोमाजी म्हणाला, "तापलाय बिचारा."

तिसऱ्या दिवशी कोवळी पानं पिवळी पडली. सेजलने कागदाची पट्टी बुडवून पाणी तपासलं.

"पाणी एवढं खारं कशानं झालं?"

आजी रंगूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "सांगा की. घमेलं कुठं गेलं होतं ते."

"मी आपला राब घातला," गोमाजी पुटपुटला. "पोरीच्या भल्यासाठी."

सेजल रागावली नाही, हेच त्याला जास्त बोचलं. "आजा, सगळी टाकी उपसायला लागंल. आन नळाला पाणी परवा."

गोमाजी उठला, कावड खांद्यावर घेतली आणि खालच्या विहिरीकडे निघाला. मागोमाग रंगूबाई हंडा घेऊन गेली.

"ऐन वैशाखात एवढं पाणी पाल्याला?" शेजारची मंजुळा म्हणाली.

"एकदाच गो," रंगूबाई म्हणाली. "मग तेच महिनाभर फिरतं."

"मग माझा पन एक हंडा घे."

त्या दिवशी गोमाजीने इतक्या खेपा केल्या, की पायवाट झिजून आता पावसाळ्यात तिथून ओढा वाहतो.

आठवड्याने नवी पानं हिरवीगार आली. अमिताबाईंनी एक पान खाल्लं, मग दुसरं, मग न विचारता तिसरं. "आठवड्याला वीस किलो द्या," त्या म्हणाल्या, "आणि दुसरा डबा शोधायला लागा."

तो डबा आता माझ्या शेजारी बसलाय. अजून नवखा आहे, आइस्क्रीमच्या गप्पा मारतो. नाते गावात एकाने कोंबड्यांच्या रिकाम्या शेडमध्ये मजले लावलेत, महाडला एका गोदामात काम चाललंय. सेजल तिथे शिकवायला जाते, तेव्हा आमचं पाणी गोमाजी बघतो. कागदाची पट्टी बुडवतो, रंग जुळवतो आणि शंका आली तर नातीला फोन लावतो. विचारल्याशिवाय चिमूटभरही काही घालत नाही.

तर मित्रांनो, बघायला जरूर या. गोमाजी तुम्हाला पाय पुसायला लावेल, हात धुवायला लावेल, निमूट ऐका. आणि बाहेर पडताना दार तेवढं ओढून घ्या. आतली रोपं अजून फार लहान आहेत.