पंखेवालीचा राग

धूमकेतू आदळायला अठ्ठावीस दिवस उरले असताना डोंगराखालच्या आश्रयघराची यादी लागली. ते बांधणाऱ्या एकशेदहा कामगारांपैकी एकाचंही नाव तिच्यात नव्हतं. आत हवा खेळवणारे सहा अजस्र पंखे जिने बसवले, त्या पंखेवालीचंही नव्हतं. प्रत्येकाला कुटुंबासकट जागा देऊ, असं सुरुवातीला कबूल केलेलं. त्या भरवशावर ती दोन वर्षं राबली होती.

तिच्या धाकट्या दिराचं नाव मात्र होतं. तो तिथल्याच कचेरीत कारकून होता. यादी त्यानेच टाइप केली होती.

दुपारी तो जेवायला आला. तिने ताट वाढलं नाही.

“भाऊजी, तुम्हाला कधी कळलं?”

“तीन आठवडे झाले, वहिनी.”

“तीन आठवडे पुतणीला मांडीवर घेऊन इथेच जेवलात. घास कसा उतरला घशाखाली?”

तोंड उघडलं असतं तर माझंही नाव कापलं असतं, असं काहीतरी तो पुटपुटला. घाबरला असेल गं, म्हणून नवरा मध्ये पडला. तिने त्यालाही गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी बडे साहेब पायथ्याच्या गावातून गाडीने वर पंख्यांची चाचणी बघायला आले. तिने बटण दाबलंच नाही. पॅनेलसमोर स्टूल ओढून ती बसून राहिली. मुख्य अभियंत्याने पोलिसांची भीती घातली.

“न्या मला,” ती म्हणाली. “पण पंखे कोण चालवणार ते आधी ठरवा. आत तीन हजार माणसं गुदमरतील.”

वेल्डर, गवंडी, वायरमन, सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली. तिसऱ्या दिवशी साहेब नमले. कामगारांची नावं पोराबाळांसकट यादीत आली आणि तेवढी जागा करायला कचेरीतली नावं उडवली. दिराचंही उडालं.

शेवटच्या दिवशी तो पिशवी घेऊन दाराबाहेर उभा होता. आत येऊ द्या म्हणायचीही त्याची हिंमत नव्हती. माझ्या खाटेवर आलटूनपालटून झोपू, असं पहारेकऱ्याला सांगून तिने त्याला आत घेतलं.

“चला. पण माझ्याशी बोलू नका.”

धूमकेतू वाटेतच फुटला, पण त्याचा मोठा तुकडा समुद्रात पडला आणि लाट डोंगरापर्यंत आली. एक्केचाळीस दिवस पंखे अखंड चालले. दीर कोणी न सांगता रोज त्यांच्या जाळ्या साफ करत राहिला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

दार उघडलं तेव्हा पायथ्याच्या गावाच्या जागी नुसता चिखल होता. आता तरी राग सोड, नवरा हळूच म्हणाला. त्या गावातल्या एकाचंही नाव कुठल्याच यादीत नव्हतं, आणि स्टुलावर बसली होती तेव्हा तीही त्यांच्यासाठी एक शब्द बोलली नव्हती. आता तिचा सगळ्यात जास्त संताप स्वतःवरच होता.