दांडीवरचा पहिला झुला

मित्रांनो, मला पाय नाहीत, नुसती दोन टोकं आहेत. पण तेवढ्या भांडवलावर मी इतकी नदी हिंडलोय की पलंगांनी माझ्यापुढे तोंड उघडू नये. मी आहे एक जुना झुला. तुमच्याकडे बाळाला साडीच्या झोळीत निजवतात ना, त्याच जातीचा, फक्त मोठ्या माणसाच्या मापाचा. आमच्या तेफे गावात पलंग पाहुण्यांना दाखवायला ठेवतात आणि झोपतात झुल्यात.

मला झेनायदेने विणलं, तिच्या लग्नाच्या वर्षी, घराच्या ओसरीत. तिची वीण अशी घट्ट की पावसाचा थेंब अंगावर पडला तर क्षमा मागून आल्या वाटेने परत जायचा. (थोडं तिखटमीठ लावतोय, पण म्हाताऱ्याला एवढी मोकळीक हवीच.) तिचा नवरा अबदियास मासेमारी करायचा. ती दोघं, त्यांची मुलं आणि एका पुरात शेजाऱ्यांची गाभण शेळी, सगळ्यांना मी वागवलं. शेळी सगळ्यांत कमी हलली. शेजारणी माझी झालर हातात घेऊन बघत आणि मनातल्या मनात जळत.

मग मुलं आपापल्या वाटेने गेली. झेनायदेही गेली, कायमची. त्यानंतर मला पाणी लागलं नाही की सुई लागली नाही. माशांचा वास, चुलीचा धूर, कॉफीचे डाग, सगळं अंगावर साचत गेलं. कुशीला भोक पडलं. अबदियासला मी दोष देत नाही, कारण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. एकदा त्याने होडी ओंडक्याला बांधली आणि ओंडका होडीसकट पोहत निघाला. ती मगर होती.

झेनायदेची धाकटी बहीण ओसिरेमा पलीकडेच राहायची. एके सकाळी ती कमरेवर हात ठेवून ओसरीत उभी राहिली.

"दाजी, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? या खेपेला मनाउसच्या मोठ्या दवाखान्यात गेला नाहीत, तर पुढे ऑपरेशन करूनही उपयोग नाही. जन्माचा काळोख."

"मला मासे ऐकू येतात."

"हो का? आणि परवा चुलीवर कुठला मासा भाजत होतात? चप्पल होती ती!"

"तरीच काटे लागले नाहीत," अबदियास म्हणाला.

खरी गोष्ट अशी की तो घाबरला होता. दुपारी माझ्यात पडून पुटपुटायचा, "सुरी डोळ्यात येताना दिसली, तर मी भीतीने मेलो. नाही दिसली, तर मग ऑपरेशनचा उपयोग काय?"

पण ओसिरेमाने बेत ठरवला, म्हणजे ठरलाच. स्वतः मात्र ती येणार नव्हती. धक्क्यावरून बोट नुसती हलताना पाहिली तरी तिच्या पोटात ढवळायचं. म्हणून सगळ्या सूचना तिने त्याच्या डोक्यात कोंबल्या.

"बोट संध्याकाळी सुटते, पण तुम्ही सकाळीच जायचं. सगळ्यांच्या आधी झुला बांधायचा. इंजिनाजवळ नको, भाजून निघाल. संडासाजवळ नको, का ते सांगत नाही. कठड्याला नको, पावसाची झड येते. मधोमध बांधा, डोकं बोटीच्या नाकाकडे. रात्री वारा बोचतो, चादर घ्या. कसाव्याच्या कंदाचं भाजकं पीठ आणि सुका मासा दिलाय, नुसतंच खाता येतं. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवा. मधल्या गावात पाय मोकळे करायला उतरू नका, बोट कोणासाठी थांबत नाही. आणि मनाउस आलं की गर्दीत घुसू नका! झुल्यातच बसून राहा. माझी लेक जुसियारा तिथेच असते, ती बोटीवर येऊन तुम्हाला घेऊन जाईल. ऑपरेशन झालं की संत लुझियाला मेणबत्ती लावायची. डोळ्यांचं खातं तिच्याकडे आहे."

"आणि श्वास कुठल्या नाकपुडीने घ्यायचा?"

"उजव्या. चला, उठा!"

मित्रांनो, आमच्या नदीवर एक रीत आहे. बोटीवर झुला लागला, म्हणजे माणूस निघाला. मग तिकीट कोणी पाहो न पाहो. अबदियासने याच रीतीच्या जिवावर कट रचला. सकाळी जाऊन झुला बांधायचा, ओसिरेमाला धक्क्यावरून दाखवायचा, ती घरी गेली की सोडायचा आणि मागच्या वाटेने मुलाच्या शेतावर जाऊन दडून बसायचं. हे सगळं तो मलाच सांगत होता, माझ्यातच पडून. गप्प राहणं माझ्या जातीला भागच आहे, पण मी मनात म्हटलं, बघतो तुला.

सकाळी त्याने मला मधोमध, छताखालच्या लोखंडी दांडीला बांधलं. सगळ्यांत पहिला मीच. ओसिरेमाने खालूनच माझी झालर ओळखली, डोळे पुसले, आणि पोटात ढवळायच्या आत घरी गेली. अबदियास तळलेली केळी विकणाऱ्या बाईच्या टपरीमागे लपला होता. तिथे त्याला गरम केळी मिळाली आणि गप्पाही. वेळ गेला.

तो परत वर आला तेव्हा बोटीवर झुल्यांचं रान माजलं होतं. लाल, हिरवे, खाली, वर, आडवे. दांडीवर दोरावर दोर, गाठीवर गाठ. पहिला आलेला म्हणून माझी गाठ सगळ्यांच्या तळाशी. त्यात दुपारच्या सरीने दोर भिजून फुगला होता. अबदियासने चाचपत एक गाठ सोडली आणि एक धिप्पाड बाई धप्पकन खाली आली.

"आई गं! काका, झुला सोडताय की माझा जीव घेताय?"

"मी माझा शोधतोय!"

"मग डोळ्यांनी शोधा ना!"

अबदियास पुढच्या दोराकडे सरकला. त्याने दुसरी गाठ सोडली, तेव्हा एक हवालदार पडला, उताणा, टोपीसकट. सगळीकडून आरडाओरडा सुरू झाला. तेवढ्यात भोंगा वाजला. खलाशी ओरडला, "उतरायचं असेल त्यांनी उतरा!"

"मला उतरायचंय! पण माझा झुला..."

"मग राहू दे की! असलं जुनं बोचकं कोण नेतंय?"

अबदियास धक्क्यावर उतरायच्या फळीपर्यंत गेला. एक पाय फळीवर, एक बोटीवर. सुटका समोर होती, चार पावलांवर. मी गाठ आवळून धरली. खरंच धरली, विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. तो मागे वळला.

"बायकोने विणलाय तो," खलाशाला म्हणाला आणि परत आला. फळी ओढली गेली.

तो माझ्यात बसला. थोड्या वेळाने त्या धिप्पाड बाईनेच त्याच्यापुढे पिठाचा डबा धरला.

"कुठे निघालात, काका?"

"डोळे करायला."

"देवा, बोट लवकर पोचव रे! परतीला हा माणूस भेटला, तर निदान स्वतःचा झुला तरी सोडेल." ती इतकी हसली की शेजारचे तीन झुले झोके खाऊ लागले.

मनाउसला जुसियारा वर आली तेव्हा सगळी बोट रिकामी होती आणि तो माझ्यात घोरत होता. गाठी तिने सोडल्या. दवाखान्यात मला नेलं नाही, पण नंतर तिने त्याला विचारलं ते मी ऐकलं.

"काका, दिसली का सुरी?"

"छे. नुसता उजेड दिसला. उगाच इतके दिवस घाबरलो."

पुढे दुसराही डोळा झाला. घरी आल्यावर त्याने मला ओसरीत बांधलं, एका झटक्यात, आणि मागे सरकून बघत उभा राहिला.

"ओसिरेमा, हा कोणाचा उचलून आणला मी? माझा पिवळा-निळा होता."

"पिवळा-निळाच आहे, दाजी. वरून दिसतोय तो सगळा तुमचा मळ."

त्याचा चेहरा उतरला. त्याने मला उचललं, नदीवर नेलं आणि स्वतः धुतलं. खालच्या अंगाचे मासे आठवडाभर खोकत होते म्हणतात. मी वाळल्यावर तो सुई घेऊन बसला. दोरा पहिल्याच खेपेला ओवला, आणि ओवल्यावर क्षणभर सुईकडेच बघत राहिला. मग कुशीचं भोक शिवायला घेतलं.

"अहो, लाल दोरा?" ओसिरेमा ओरडली. "ठिगळ रस्त्यावरून दिसेल!"

"म्हणून तर घेतला," अबदियास म्हणाला. "मला दिसावं म्हणून."

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणीतरी कोपऱ्यात टांगलेलं असेलच. टाकायच्या आधी त्याला एकदा उजेडात न्या, पाणी दाखवा, फाटलं असेल तिथे शिवा. टाका वाकडा पडला तरी चालतो, आम्ही तक्रार करत नाही.

आता जरा सरका बघू. अबदियास जेवून येतोय, आणि हल्ली माशांतले काटे दिसत असल्याने तो दुप्पट जेवतो.