चौथ्या ओळीचा अंदाज

क्रेनच्या केबिनमध्ये बसून ती खालच्या माणसाच्या बुटाची सुटलेली नाडी ओळखायची, म्हणून साइटवर सगळे तिला घार म्हणत. त्या दुपारी सळ्यांचा भारा खाली सोडताना तिच्या उजव्या डोळ्यात धूळ गेली. तो मिटून ती डाव्याने बघू लागली, तर सळ्या मधोमध वाकलेल्या. नव्याकोऱ्या सळ्या! उजवा उघडला, सळ्या सरळ. पुन्हा मिटला, पुन्हा वाकड्या. तिने भारा अलगद जमिनीला टेकवला, मशीन बंद केलं आणि शिडी उतरून मुकादमासमोर उभी राहिली.

"मी आता वर जाणार नाही. डोळ्याचं काहीतरी बिनसलंय."

"अगं, अर्धा स्लॅब बाकी आहे अजून!"

"म्हणूनच उतरले. खाली माणसं असतात."



डोळ्यांच्या डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, आवाज खणखणीत. त्यांनी थेंब घातले, दंडातून रंग सोडून डोळ्याच्या आतले फोटो काढले आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ही गोल, लालसर गाठ. रक्तवाहिन्यांचीच गुंतवळ आहे."

"कॅन्सर?"

"नाही. साधी गाठ. पण गळकी. तिच्यातून झिरपलेलं पाणी बरोबर मधोमध साचलंय, आणि आपण बारीकसारीक बघतो ते त्या मधल्या जागेनेच."

घार म्हणाली, "काय करायचं ते करा. पण नजर किती येईल ते आधी सांगा. 'बघू' म्हणू नका, बघायचीच तर पंचाईत झालीय."

डॉक्टर मोठ्याने हसल्या, आणि मग खुर्ची पुढे ओढून सरळ बोलू लागल्या. "आज डाव्या डोळ्याने तुम्ही तक्त्याची दुसरी ओळ वाचलीत. मी चौथीपर्यंत सांगते. पाचवीतलं काही वाचता आलं तर ती कमाई समजा. सगळ्यात खालची येणार नाही."

"कशावरून?"

"गाठ अगदी कडेला आहे, गोठवून सुकवता येईल. डोळ्याच्या मुख्य नसेला चिकटलेली असती तर मी इतकं ठामपणे बोलले नसते. हे झालं आपल्या बाजूचं. पण पाणी बरेच महिने मुरलंय. ते हटेल, त्याच्याखाली झिजलंय ते भरून येणार नाही. आणि मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवते तो एका गोष्टीवर. माणूस माझ्याकडे आलं तेव्हा त्याला किती दिसत होतं."

"मग क्रेन सुटली."

"दोन डोळ्यांनी मिळून जो खोलीचा अंदाज येतो, तो पहिल्यासारखा राहणार नाही. हे मात्र खरं."

तरी एक बरं झालं, आता कशावर उभं राहायचं ते कळलं. बाहेर येऊन तिने कंपनीत फोन लावला. नव्या ऑपरेटरांना शिकवायला माणूस हवा होता ना, मी तयार आहे, म्हणून सांगून टाकलं.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं. घरात कुणाचा डोळा गेला होता का? वडिलांचा गेला होता. लहानपणी चेंडू लागला, असं घरात सांगायचे. "चेंडू असेलही," डॉक्टर म्हणाल्या, "पण ही गाठ काही घरांत रक्तातून येते. तुमच्या मेंदूचा नि किडनीचा स्कॅन करून घ्या. आणि बहीण-भावंडं असतील त्यांचे डोळे बघायला हवेत."

स्कॅन स्वच्छ निघाले. राहिली धाकटी बहीण. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि जीभ कात्रीहून धारदार.

"मला काही झालेलं नाही, ताई," गिऱ्हाईक गेल्यावर केस झाडत ती म्हणाली. "एकेक केस मोजून दाखवू का तुझा?"

"दिसतंय तोवरच जायचं असतं."

"आणि निघालं तर? आज मी मजेत आहे. एकदा कळलं की ते माझ्या मानगुटीवर बसणार."

"न कळताही बसलेलं असेलच की."

धाकटीने झाडू भिंतीला टेकवला. डोळे भरले होते तिचे. घारीने तो विषय तिथेच सोडला. "मला गाठ गोठवायला जायचंय. सोबत येशील?"

"ते काय विचारतेस!"

उपचार झाल्यावर घार डोळ्यावर पट्टी बांधून आडवी झाली होती. धाकटी थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिली आणि मग थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"समजा, माझ्या डोळ्यात निघालीच. मला काय सांगाल?"

"बारीक असेल, कडेला असेल, पाणी सुटलं नसेल, तर सांगेन की आज जेवढं दिसतं तेवढंच बहुधा पुढेही दिसेल. तुमच्या ताईंना मला हे सांगता आलं नाही."

धाकटीने पर्स खाली ठेवली. "घाला थेंब."

निघाली. उजव्या डोळ्यात, कडेला, तिळाएवढी. त्याच आठवड्यात लेझरने जाळून टाकली. धाकटी घरी येऊन धाय मोकलून रडली, घारीवर चिडली, मग तिच्याच हातचं जेवून तिच्याच खाटेवर झोपली.

हिवाळा सरताना घार पुन्हा तक्त्यासमोर बसली. चौथी ओळ तिने सलग वाचली. पाचवीतली दोन अक्षरं लागली, बाकीची तिने ठोकून दिली आणि चुकली.

"दोन अक्षरांनी हरले मी," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा होता.

घार आता जमिनीवर उभी राहून कानाला वायरलेस लावते आणि वरच्या पोरींना शिकवते. तिचा आरडाओरडा वायरलेसशिवायही वर पोचतो, असं त्या म्हणतात. कधी कधी मान वर करून ती केबिनकडे बघते, आणि तेव्हा आत कुठेतरी ओढ लागतेच.

धाकटीची नजर जिथल्या तिथे आहे. दर काही महिन्यांनी ती तपासून येते. शिवाय तिने वडिलांकडच्या सगळ्या चुलत भावंडांना फोन करायचा सपाटा लावलाय. एक चुलतभाऊ कुरकुरला, "मला तर सगळं लख्ख दिसतं."

"मग आत्ताच ये," ती म्हणाली. "रविवारी दुकान बंद असतं. मी स्वतः घेऊन जाते."