एकशे दहा पावलं आणि एक जुना टेप

मी एक जुना पोलादी टेप आहे, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यात लोंबतो तो नव्हे. तो माझा लांबचा भाऊ, कापडी आणि जरा ढिला. मी पन्नास मीटर लांब, अंगाने पिवळा आणि त्यावर काळे आकडे. लोखंडी चौकटीत गुंडाळलेला असतो आणि बाजूची दांडी फिरवली की सुरसुरत आत येतो. लोक म्हणतात, मी फार ताठ आहे. असेन! मोजणाऱ्याने वाकून कसं चालेल?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. मोठ्या रुळांमध्ये मला चेपून चेपून पातळ केलं, भट्टीत तापवलं, तेलात बुडवलं, मग आकडे छापले. शेवटी जाड चष्म्याच्या एका बाईंनी मला टेबलावर ताणून माझी एकेक रेघ तपासली. माझ्या आधीचे दोघे त्यांनी बाजूला काढले, कारण त्यांच्या रेघा केसभर सरकल्या होत्या. माझ्यावर मात्र शिक्का मारला आणि म्हणाल्या, "जा बाबा, खोटं बोलू नकोस." त्यांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही.

तिथून मी एका मोठ्या मैदानाच्या स्टोअरमध्ये आलो. तिथले काका माझे खरे पालक. थाळी, भाला, गोळा, लांब उडी, सगळीकडे मीच. पंच माझ्यावर ओणवे होत आणि अख्खं मैदान श्वास रोखून आकड्याची वाट बघे. काय थाट होता म्हणून सांगू! खेळ संपला की काका मला फडक्याने पुसत, तेलाचा हात फिरवत आणि मगच गुंडाळत. एकदा गवतावर फिरवायचा रोलर माझ्या अंगावरून गेला. बेचाळिसाव्या मीटरला मला कायमची घडी पडली, पण आकडा तसूभरही हलला नाही.

मग ते यंत्र आलं. तीन पायांवर उभं राहतं, एक डोळा मिचकावतं आणि आकडा थेट पाटीवर! सगळे त्याच्याभोवती जमले. मी दोन वर्षं मोडक्या अडथळ्यांच्या मागे पडून होतो. चौकटीत कोळ्याने घर केलं आणि कडेला गंजाचे ठिपके आले. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. ज्याच्या आकड्यासाठी माणसं देव पाण्यात घालून बसायची, त्याला आता कुणी विचारीना.

आणि एके दिवशी मैदानावर रंगाचे डबे आले, नवे झेंडे आले. अख्ख्या खंडातल्या देशांमधली अठरा वर्षांखालची मुलंमुली तिथे खेळायला येणार होती. काकांनी मला बाहेर काढलं तेव्हा एक तरुण साहेब म्हणाले, "काका, हे भंगार कशाला? सगळं यंत्रावर आहे."

"यंत्र उडी मोजेल, साहेब," काका म्हणाले. "पण पोरी धावायला सुरुवात कुठून करणार, ते कोण सांगेल? धावपट्टीच्या कडेला हा लागतोच."

हे तुम्हाला नीट सांगायला हवं. लांब उडी मारणारी मुलगी पळत येते आणि एका पांढऱ्या फळीवरून उडते. फळीच्या पुढे बोटभर पाऊल गेलं तरी उडी बाद. फळीच्या अलीकडून उडाली तर तेवढं अंतर फुकट, कारण माप फळीपासूनच धरतात. म्हणून धाव रोज एकाच जागेवरून सुरू व्हावी लागते. त्या जागेवर प्रत्येक मुलगी चिकटपट्टीची खूण लावते, आणि ती जागा सापडावी म्हणून मी धावपट्टीच्या कडेला आडवा पडून असतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुली सरावाला आल्या. गलका तर असा, की कोण कुठल्या भाषेत हसतंय तेच कळेना. त्यात एक बारकीशी पोर होती. एका जागी म्हणून ठरत नसे, तिच्या आत्या तिला भिंगरीच म्हणायच्या. या आत्याच तिच्या शिक्षिका. आत्या कठड्यापलीकडून ओरडल्या, "मोज गं, एकशे दहा!"

भिंगरी फळीपासून उलटी निघाली. टाचेला बोट, टाचेला बोट, अशी बूट मोजत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! त्यांच्या मैदानावर टेप नव्हता म्हणे, म्हणून आत्यांनी ही पद्धत बसवली होती. बाजूच्या कुणीतरी टेपकडे बोट दाखवलं तर आत्या म्हणाल्या, "टेप हरवतो, पाय हरवत नाहीत." मला राग आला, नाही कशाला म्हणू? पण भिंगरीचं एकशे दहावं पाऊल माझ्या एकोणतीस मीटर पंधरावर पडलं. तिने तिथे जांभळी पट्टी लावली.

शेजारीच दुसऱ्या देशातली एक मुलगी वाकली होती. ती इतकी उंच, की मी मनातल्या मनात तिचं नाव शिडी ठेवलं. तिने मला वाचून हिरवी पट्टी लावली, एकोणतीस पंचवीसवर. दोघींच्या खुणांमध्ये वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि फिस्सकन हसल्या. एक शब्द सारखा नसताना तासाभरात गट्टी जमली. भिंगरीने त्या दिवशी झकास उड्या मारल्या.

स्पर्धेच्या सकाळी भिंगरी आली ती नवे कोरे बूट घालून. आत्यांनी ते महिनाभर खोक्यातच ठेवले होते, मोठ्या दिवशी घालायचे म्हणून. आणि वाढत्या पायाचे, म्हणून एक नंबर मोठे! पुढे कापसाचा बोळा कोंबला होता. तुमच्याही घरी असंच करतात ना?

भिंगरीने टाचेला बोट लावत एकशे दहा पावलं मोजली आणि जांभळी पट्टी चिकटवली. मी हादरलो. ती पट्टी माझ्या एकोणतीस मीटर ब्याण्णववर होती! बूट एक नंबराने लांब झाला, म्हणजे पावलामागे पाऊण सेंटीमीटरसुद्धा नाही, पण एकशे दहा पावलांत खूण पाऊण मीटर मागे गेली होती. मला सगळं दिसत होतं आणि बोलता मात्र येत नव्हतं. मित्रांनो, टेपच्या जन्माचं एवढंच एक दुःख आहे.

मुली बारा होत्या. तीन-तीन उड्या झाल्या की पहिल्या आठ जणींना आणखी तीन मिळणार, बाकीच्या चौघी घरी. भिंगरीची पहिली उडी फळीच्या बरीच अलीकडून गेली, चार मीटर शहाण्णव. घरी ती साडेपाचाच्या वर मारायची.

"घाबरू नकोस! पाय लांब टाक!" आत्या ओरडल्या. त्यांना वाटलं, पोर बुजली. पावलं मोजलेली होती ना, मग खूण चुकेल कशी?

दुसऱ्या खेपेला भिंगरीने खरंच ढांगा टाकल्या. शेवटची ढांग फळी ओलांडून गेली. लाल झेंडा वर, उडी बाद. भिंगरी बाराव्या नंबरावर, म्हणजे शेवटून पहिली. ती बाकावर बसली आणि तिने टॉवेल डोक्यावरून घेतला. टॉवेल हलत होता.

आता नीट ऐका. तेव्हा आठव्या नंबरावर कोण होतं? शिडी. पाच मीटर एकतीस. भिंगरी चांगली उडाली, तर बाहेर फेकली जाणार ती शिडीच. तिने गप्प बसायचं होतं, बस्स. कुणी तिला नावं ठेवली नसती.

शिडी आपली खूण बघायला माझ्याजवळ आली. तिने हिरवी पट्टी बघितली. मग जांभळी शोधली, ती मागे लांब दिसली. तिने एकदा पाटीकडे बघितलं, जिथे तिचं नाव आठवं होतं. मग ती तरातरा बाकाकडे गेली, टॉवेल ओढला आणि भिंगरीला हाताला धरून माझ्यापाशी आणलं. दोन बोटं जवळ धरली आणि मानेनेच मागे खूण केली: काल. मग दोन्ही हात फाकवले: आज.

भिंगरी बघतच राहिली. "पण एकशे दहाच मोजली की!" ती पुटपुटली. मग तिची नजर स्वतःच्या पायांवर गेली. तिने खाली बसून बूट काढला, आत हात घातला आणि कापसाचा बोळा बाहेर ओढला.

"आत्या!" तिने बोळा उंच धरला. "बूट मोठा झालाय, आत्या!"

आत्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! वाढत्या पायाचे म्हणून मीच घेतले गं! माझीच अक्कल शेण खायला गेली!" आणि मग पहिल्यांदाच म्हणाल्या, "त्या टेपवर बघ! काल कुठे होतीस?"

भिंगरी गुडघ्यांवर बसली. आकडा तिला ठाऊक नव्हता, पण हिरव्या पट्टीच्या अर्धी वीत पुढे शिडीने बोट टेकवून दाखवलं. ते बोट बरोबर एकोणतीस पंधरावर होतं. तिथे जांभळी पट्टी बसली. बोळा परत बुटात गेला.

तिसरी उडी. भिंगरी निघाली ती वाऱ्यासारखी, पाऊल फळीवर अगदी चपखल, आणि वाळू उडाली! पांढरा झेंडा! पाच मीटर बावन्न! आत्या कठड्यावर चढायच्याच बाकी होत्या. भिंगरीने दोन्ही हात वर केले, पाटीकडे बघितलं आणि तिचे हात खाली आले. शिडीचं नाव नवव्या जागेवर सरकलं होतं.

शिडीची एकच उडी उरली होती. भिंगरी माझ्याशेजारी उकिडवी बसून टाळ्या वाजवायला लागली. आत्यांनी आवाज लावला, मग अख्ख्या मैदानाने. शिडी लांबच लांब टांगा टाकत आली आणि उडाली. ज्या यंत्राचा मी दोन वर्षं दुस्वास केला, त्याला मी मनोमन हात जोडले. म्हटलं, बाबा रे, नीट बघ. त्याने डोळा मिचकावला. पाच मीटर सत्तेचाळीस! दोघीही आत!

आणखी तीन-तीन उड्या झाल्यावर शेवटी शिडी चौथी आली आणि भिंगरी पाचवी. पदक एकीलाही नाही. पण वाळूत दोघी अशा काही नाचल्या, की पदकवाल्या मुली गळ्यातली पदकं सांभाळत त्यांच्यात येऊन मिसळल्या. आत्या खाली उतरल्या. त्यांनी शिडीला पोटाशी धरलं आणि आपल्याच भाषेत सांगितलं, "पोरी, तुझ्या आईने फार छान वाढवलंय हो तुला." शिडीला एक अक्षर कळलं नसेल, पण तिने मान डोलावली. मग आत्यांनी ओढणीच्या टोकाने माझ्या अंगावरची वाळू पुसली. काका म्हणाले, "अहो, राहू द्या, मी करतो." आत्या म्हणाल्या, "नाही हो, याचं देणं माझ्याकडेच लागतं."

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही माझा एखादा भाऊ पडलेला असेल. त्याला ओला ठेवू नका, वाळूसकट गुंडाळू नका. गंजाने आकडे गेले की काल आपण कुठे होतो, ते तो कुणालाच दाखवू शकणार नाही. आणि कधी शेजारणीची खूण सरकलेली दिसली, तर तिला हाताला धरून आणा आणि दाखवा. तेव्हा तुमचा नंबर आठवा असला, तरी दाखवा.