लाल वर्तुळातली लाट

मित्रांनो, मला खुशाल हौद म्हणा, मी रागावणार नाही. पण माझ्यात ना कुणी कपडे धुतं, ना कुणी पोहतं. मी लाटांचा हौद आहे. साठ पावलं लांब, छातीएवढा खोल, दोन्ही बाजूंना जाड काच. एका टोकाला लोखंडी फळी आहे. ती मागेपुढे हलली की माझ्यात लाटा उठतात. जहाजं बनवणाऱ्यांना लाटांची वागणूक जमिनीवर उभं राहून बघता यावी, म्हणून मला बांधलं. आता वय झालंय. सांधे झिरपतात, फळी कुरकुरते. बोलायची खोड मात्र गेलेली नाही.

तारुण्य मजेत गेलं. तेव्हा पाणी उथळ ठेवून फळीने एकच ढकल देत. मग माझ्यात एकच उंचवटा निघे. ना फुटायचा, ना पसरायचा. तसाच्या तसा दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचा. मागून त्याहून उंच सोडला तर तो पहिल्याला गाठी, दोघे एकमेकांत मिसळत आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा वेगळे होत. शास्त्रज्ञ त्याला सॉलिटॉन म्हणत. बघणारे "वा!" म्हणत आणि मी फुशारून जाई.

खोल पाण्याच्या प्रयोगांत मात्र माझं एक दुखणं होतं. ते दुखणं म्हणजे मास्तर. मास्तर कुणालाच शिकवत नसत, ते नोंदी ठेवत. पण चुका काढायची सवय अशी, की सगळे त्यांना मास्तरच म्हणत. माझ्या मधोमध बुडवलेल्या तारेला एक पेन जोडलेलं होतं. ते कागदाच्या गुंडाळीवर लाटांची रेघ काढी. एखादी लाट शेजारणींच्या दुपटीहून उंच दिसली की मास्तर तिच्याभोवती लाल वर्तुळ काढत, शेजारी लिहीत, 'पेन उडालं', आणि तिला मोजणीतून बाद करत. अहो, पेन कसलं उडतंय! लाट माझ्यात उठली होती, माझ्या काचेला धक्का बसला होता. पण मला तोंड कुठे? सतरा वर्षं निमूट सोसलं.

मग एका दुपारी मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान आले. मालवाहू जहाजावरचे कप्तान. चेहरा पार उतरलेला. एका लाटेने त्यांच्या जहाजाच्या पुढच्या काचा फोडल्या होत्या, दोन खलाशी जखमी झाले होते. समुद्र त्या दिवशी साधाच होता, म्हणून चौकशी समितीला वाटत होतं की कप्तानाचं लक्ष नव्हतं आणि आता तो थापा मारतोय. परवाना जाणार, हे जवळपास ठरलंच होतं.

"अरे, भिंत आली समोरून! सरळ उभी!"

"भाऊजी, लाटा आम्ही रोज करतो," मास्तर चाचरत म्हणाले. "अशी एकटीच उठून उभी राहत नाही हो."

"म्हणजे तूसुद्धा?" कप्तान मटकन खाली बसले. "तुझी बहीण म्हणते, तिचा विश्वास आहे. पण तिच्याकडे बघायची हिंमत होत नाही रे मला."

मला असा संताप आला! फुटलो नाही, एवढंच.

कप्तानांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि एक रेघ काढली. "हे बघ. आधी खड्डा पडला. जहाजाचं नाक खाली गेलं. मग ती आली."

मास्तर त्या रेघेकडे बघतच राहिले. मग उठून कपाटातल्या जुन्या गुंडाळ्या उलगडू लागले. टेबल भरलं, तशा जमिनीवर पसरल्या. एकेका लाल वर्तुळात शेंड्याच्या आधी खोल खड्डा! पेन उडालं असतं तर नुसतं वर गेलं असतं. दर वेळी आधी खाली कशाला जाईल?

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "भाऊजी, मी मूर्ख आहे. सतरा वर्षं मूर्ख आहे."

त्या वर्तुळांच्या वेळी फळी कशी हलवली होती, ते मास्तरांनी नोंदींतून शोधून काढलं आणि आठवड्याने त्यांच्या बोलावण्यावरून चौकशी समिती माझ्या काचेला नाक लावून उभी राहिली. पाण्यावर छोटंसं लाकडी जहाज सोडलं होतं. फळी दीड-दीड इंचाच्या लाटा सोडू लागली. लाटा आल्या, गेल्या. काही म्हणजे काही झालं नाही. समितीच्या अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. कप्तानांच्या तोंडचं पाणी पळालं.

"थांबा!" मास्तर ओरडले. "चुकलं माझं, घाई झाली."

दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी वीस मिनिटं शांत होऊ द्यायचं, हा आमच्याकडचा नियम. सरावाची फेरी झाली आणि मास्तरांनी घाबरून पाचच मिनिटांत समितीला आत बोलावलं होतं. आधीच्या लाटांची उरलीसुरली हालचाल नव्या लाटांत लुडबुडत होती. मग सगळे वीस मिनिटं गप्प उभे राहिले. मी अंगातली बारीकशी थरथरसुद्धा दाबून धरली.

फळी पुन्हा हलली. लाटा निघाल्या, अगदी शहाण्यासारख्या. अर्ध्या वाटेवर आजूबाजूच्या लाटा खचू लागल्या आणि मधली एक त्यांचं बळ ओढून घेत फुगू लागली. आधी खड्डा पडला. लाकडी जहाजाचं नाक त्यात गेलं, आणि साडेचार इंचांची भिंत त्याच्यावर कोसळली. लगेच पुन्हा साध्या लाटा, जणू त्या गावच्याच नाहीत.

अध्यक्षबाई वाकून पेनाने काढलेली रेघ बघू लागल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा दाखवा." चार वेळा दाखवलं. चारही वेळा ती उठली. शेवटी त्या कप्तानांकडे वळल्या. "तुम्ही खरं सांगत होता. परवाना तुमच्याकडेच राहील. आम्हाला माफ करा."

माझा जीव भांड्यात पडला, मित्रांनो! कप्तानांनी तिथूनच घरी फोन लावला. "अगं, ऐकलंस का? त्यांना पटलं!" एवढा दांडगा माणूस माझ्या काचेला कपाळ टेकून ढसाढसा रडला. मास्तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मला नवा रंग नको, कौतुकही नको. सांधे तेवढे कुणी बुजवले तर बरं. मागणं एकच आहे. कुणी घाबरंघुबरं होऊन तुम्हाला न पटणारं काही सांगू लागलं, तर "शक्यच नाही" म्हणायची घाई करू नका. त्याला बसवा, कागद द्या आणि काय पाहिलं ते काढून दाखवू द्या. त्या दिवशी कप्तानांच्या घरी कितीतरी दिवसांनी सगळे पोटभर जेवले म्हणे.