काट्यावरच्या कीबोर्डची कैफियत

मी एक कीबोर्ड बोलतोय. रंग काळा होता, आता राखाडी म्हणा. उजवीकडच्या आकड्यांतले पाच आणि आठ पार पुसून गेलेत. परभणीजवळच्या मानवत गावी, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनिंगमध्ये, वजनकाट्याच्या खोलीत, मी अकरा वर्षं काढली.

कापसाची गाडी काट्यावर चढली की चंद्रभानकाका खिडकीतून आकडा बघायचे आणि माझ्यावर टिपायचे. गाडी रिकामी होऊन आली की पुन्हा टिपायचे. भरल्यातून रिकामं वजा करून पावती फाडायचे. माझ्याकडे बघायची त्यांना गरजच पडत नसे. तरुणपणी परभणीला राहून त्यांनी प्रोग्रामिंगचा कोर्स केला होता. नोकरी लागली ती काट्यावर. कोर्सची वही मात्र त्यांनी टाकली नव्हती.

एका वर्षी ऐन हंगामात आत आरडाओरडा झाला. नागसेन नावाचा कामगार रोलरमध्ये अडकलेला कापूस ओढून काढत होता. त्यासाठी मशीन बंद करायचं नाही, अशी मुकादमाची ताकीद होती. नागसेनच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं. त्याला दवाखान्यात नेलं आणि तासाभरात मशीन पुन्हा सुरू झालं. बाहेर गाड्यांची रांग होती, म्हणून काकाही पावत्या करत राहिले. त्या दिवशी त्यांचे आकडे तीनदा चुकले.

भरपाईचं बोलायला नागसेनचे वडील सिताराम आले. मालक दिनकरराव म्हणाले, "चालू मशीनमधी हात घालायला कुणी सांगितलं व्हतं?" मग म्हणाले, "आपल्याकडं नवा कॉम्प्युटर यायलाय. जुना घिऊन जा. पोरगं बसंल उरल्या बोटांनी बडवत."

खोलीतले दोघंतिघं हसले. मला वाटलं, सिताराम माझ्यावर थुंकून निघून जातील. त्यांनी आम्हाला गोणपाटात बांधलं आणि डोक्यावर घेतलं.

दोन महिने नागसेनने गोणपाटाची गाठ सोडली नाही. एका रविवारी चंद्रभानकाका वही घेऊन त्याच्या घरी आले.

"शिकतूस का?"

"टिंगल करायलात का, काका?"

"टिंगल करायला रविवारी उन्हाचा कशाला यीन?"

असं ते सुरू झालं. पण माझी रचनाच त्याच्यावर उलटलेली. प्रोग्राममध्ये जवळजवळ प्रत्येक ओळ अर्धविरामाने संपते. अर्धविरामाची कळ उजव्या करंगळीखाली येते. ओळ संपवायची कळ त्याच्याही पलीकडे, आणि चूक खोडायची त्याच्या वर. सगळी कामं नेमकी नसलेल्या बोटांना. तो उरलेलं एक बोट तिकडे न्यायचा आणि परत आणायचा. कधी सवयीने करंगळीचा खुंट टेकायचा, कातडी कोवळी होती, तो हात झटकायचा. पहिल्या महिन्यात माझ्या कडेला रक्त लागलं होतं. ते त्याची बायको संघप्रिया ओल्या फडक्याने पुसायची. सकाळी कापसाच्या वेचणीला जायची.

काकांची वही चार महिन्यांत संपली. पुढचं नागसेन मोबाईलवर बघून शिकला. दीड वर्षांनी कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली आणि त्याने केलेलं सगळं गेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "एवढं जुनं भंगार कशाला सांभाळता?" नागसेन दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका भंगारातली डिस्क बसवून त्याने पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं.

मग नोकरीच्या परीक्षा. उत्तरं त्याला यायची, वेळ पुरायची नाही. चार वेळा नापास झाला. पाचव्या वेळी लेखी पास झाला आणि पुण्याहून व्हिडिओवर मुलाखत झाली. समोरचा माणूस त्याचं टायपिंग बघत होता.

"जरा स्लो आहात."

नागसेनने हात वर करून दाखवला. माणूस पडद्याजवळ वाकला. मग पडद्याबाहेरच्या कुणाला तरी म्हणाला, "अरे, हे बघ." दुसरा चेहरा आला, बघून गेला. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

संघप्रिया दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आता बास का?"

"तू म्हणलीस तर बास."

ती म्हणाली, "मी कशाला म्हणू? मला म्हणायला लावू नगा."

त्यानंतर त्याने काट्याचा प्रोग्राम लिहिला. गाडीचं वजन काट्यावरून सरळ कॉम्प्युटरमध्ये येईल, वजाबाकी होईल, पावती निघेल. पहिल्या खेपेला वजन उणे आलं. काका पोट धरून हसले. "गाडी हवेत तरंगायली रे तुझी!" चूक त्यांनीच शोधून दिली. काट्यावर काय काय अडतं, गाडीवाले कुठे फसवतात, हे सगळंही त्यांनीच सांगितलं.

दिनकररावांनी प्रोग्राम पाहिला. नागसेन म्हणाला, "मालक, एकच म्हणणं हाय. यावर चंद्रभानकाकालाच बसवा."

"त्यो सोडून दुसरं कोण बसनार?" दिनकरराव म्हणाले.

प्रोग्राम चांगला चालला. गाड्या काट्यावर चढवणारा तोलाईचा माणूसच आता एक कळ दाबून पावती काढू लागला. पंधराव्या दिवशी चंद्रभानकाकांना घरी बसवलं. त्याच आठवड्यात परभणीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या रोहिणी मॅडमनी जिनिंगमध्ये तो प्रोग्राम पाहिला, कुणी केला ते विचारलं आणि नागसेनला नोकरी दिली. हाताबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

नागसेन मला टॉवेलात गुंडाळून काकांच्या घरी गेला. "काका, ह्यो तुमचा. मला मालकानं शब्द दिला व्हता."

काकांनी मला मांडीवर घेतलं. त्यांची बोटं आकड्यांवर गेली, थोडा वेळ चालली. मी कशालाच जोडलेला नव्हतो.

"वजनात फरक तर येईना ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"पावसाळ्यात काटा हलतो. तेवढं बघ." त्यांनी मला परत दिलं. "आन् हिकडं येत जाऊ नको आता. पार्वतीला बघवत न्हाई."

आत काकू, पार्वतीबाई, भांडी आपटत होत्या. नागसेन उंबऱ्याबाहेर आला आणि दार लागलं.

आता नागसेनला कंपनीने नवा कीबोर्ड दिलाय. मला त्याने फेकलं नाही आणि लावलंही नाही. मी फळीवर आहे. काल रोहिणी मॅडमचा फोन होता. आणखी नऊ जिनिंगांना तोच प्रोग्राम हवाय. यादी आली तेव्हा त्याने तिच्यातलं एकेक गाव वाचलं. तिथे काट्यावर कोण बसतं, हे त्याने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तो आपला विषय नाही." संघप्रियाने यंदा वेचणी सोडलीय. त्याने तिच्याकडे बघितलं आणि काम घेतलं.

तुम्ही त्याला नावं ठेवाल, तर आधी मला ठेवा. मी दोघांच्याही हाताखाली होतो आणि दोघांच्याही उपयोगी पडलो. माझी एकच विनंती आहे. त्या नऊ गावांपैकी एखाद्या गावात तुमचं कुणी काट्यावर बसत असेल, तर त्याला आजच सांगा. नागसेनने लिहायला सुरुवात केलीय.